जळगाव सराफ बाजार, नाणेवाले काका आणि पूर्व जर्मनीचा ट्रे

जळगावच्या सराफ बाजारात लोक सोनं घ्यायला येतात, लांबलांबून येतात, आणि आपण तिथं जाऊन ॲल्युमिनियम घेऊन येतो. घरचे हसतात, हसू द्या. दुकान म्हणजे बोळातली जिन्याखालची जागा, पाटी घड्याळ दुरुस्तीची, नाण्यांचं कुठंच काही लिहिलेलं नाही, पण नाणेवाले काका कुठं बसतात असं विचारलं की कोणीही हात करून दाखवतं. शिवराई, निजामाचे हाली सिक्के, होळकरांचे पैसे हे सगळं वरच्या काचेत असतं आणि त्याला गिऱ्हाईक भरपूर आहे. मी लिहून राहिलोय ते खालच्या ट्रेबद्दल, जो मागितल्याशिवाय बाहेर निघत नाही.

त्या ट्रेत निव्वळ पूर्व जर्मनी आहे. डीडीआर. ७ ऑक्टोबर १९४९ ला सुरू झालेला आणि ३ ऑक्टोबर १९९० ला संपलेला देश, आणि त्याचं चलन तर देशाच्याही आधी गेलं, १ जुलै १९९० ला तिथं पश्चिम जर्मनीचा मार्क लागू झाला. फक्त चिल्लर कमी पडत होती म्हणून ५० फेनिगपर्यंतची (फेनिग म्हणजे त्यांचा पैसा, शंभर फेनिगचा एक मार्क) जुनी नाणी १९९१ च्या मध्यापर्यंत चालू ठेवली. मला हे फार आवडतं, सरकार गेलं, पक्ष गेला, भिंत गेली आणि सुट्टे पैसे मात्र दुकानात चालतायत.

रशियाचे रुबल सगळेच जमवतात, लेनिनचं तोंड असलं की लोक डोळे झाकून पैसे देतात. पूर्व जर्मनीच्या नाण्याला तसा भाव नाही कारण हातात घेतलं की वाटतं हे खेळण्यातलं आहे. १ फेनिग पाऊण ग्रॅमचा, १ मार्क अडीच ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ सगळं ॲल्युमिनियम. तिथले लोकही त्याला ॲल्युमिनियमचे चिप्स म्हणून हिणवायचे. आपल्याला हिणवायला जागा नाही कारण आपले तीन पैसे, पाच पैसे, दहा पैसे त्याच धातूचे होते. एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला हातोडा, कंपास आणि धान्याच्या कणसांचं गोल कडं, म्हणजे कामगार, शिकलेला इंजिनियर-बिंजिनियर आणि शेतकरी. डिझाइन इतकं साधं आहे की तीस वर्षं फारसं बदललं नाही, आणि म्हणूनच सेट लावायला मजा येते, कारण फरक शोधावा लागतो.

उदाहरणार्थ १९५६ च्या १ मार्कवर डॉइच मार्क लिहिलंय आणि १९७२ पासूनच्यावर नुसतं मार्क, मधे चलनाचं नावच बदललं होतं. १९५० चे ५० फेनिग बघाल तर ते ॲल्युमिनियमचे नाहीतच, पिवळसर ब्राँझचे आहेत, नांगर आणि धूर सोडणारी धुरांडी, देशाचं नाव फक्त डॉइचलांड, कारण तेव्हा दोन्हीकडचे आपणच खरी जर्मनी असं म्हणत होते. हे नाणं काकांकडे एकच होतं आणि ते मी घेतलं, सॉरी.

ट्रेमधलं माझं सगळ्यात आवडतं मात्र २० फेनिग. १९६९ पासूनचं, पितळी, बाकीच्या मानाने चांगलं जड. कारण असं की पब्लिक फोनला ॲल्युमिनियमचं नाणं चालेना, इतकं हलकं नाणं मशीनला कळतच नव्हतं, म्हणून फोनसाठी वजनदार नाणं काढावं लागलं. आणि बघा योगायोग, आपलं कमळाचं पिवळं वीस पैशाचं नाणं १९६८ चं! दोन्ही शेजारी ठेवलेत माझ्या अल्बममध्ये.

आता काकांबद्दल. माणूस खरा आहे, हे पहिलं. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग गेटचं ५ मार्कचं मोठं नाणं आहे, १९७१ सालचं, चमकतं छान, आणि ऑनलाइन लोक ते चांदीचं म्हणून खपवतात. काकांनी मी विचारायच्या आधी सांगितलं, "भाऊ, चांदी नाही हे, जर्मन सिल्व्हर आहे, ताटवाट्या येतात ना तेच, विश्वास नसेल तर शेजारी सराफाकडे घासून आणा." खरंच आहे, तांबं, निकेल आणि जस्त, चांदी शून्य. भाव सांगितला साडेतीनशे, मी तीनशेला घेतलं. २० मार्कचं थेलमान या कम्युनिस्ट पुढाऱ्याचं नाणंही चांदीचं नाही, आणि १९६६ चं १० मार्कचं शिंकेल या वास्तुविशारदाचं मात्र आहे, म्हणजे आकडा मोठा म्हणून धातू भारी असं समजू नका. हा फरक मला काकांनीच दाखवला, चांदीवालं त्यांच्याकडे नव्हतं तरी. असं कोण सांगतं आजकाल.

बाकी भाव ठीक आहेत. १ आणि ५ फेनिग वीस रुपये, २० फेनिग साठ, १ मार्क ऐंशी, २ मार्क शंभर. चार-पाच एकदम घेतले की कमी करतात. २०० मार्कची एक नोटही दाखवली, तिची गोष्ट वेगळीच आहे, ही नोट चलनात कधी आलीच नाही, छापून ठेवलेली होती, नंतर जुन्या नोटांसोबत तिथल्याच हाल्बरश्टाट गावाजवळच्या बोगद्यात पुरली, तिथून चोरांनी काढली आणि बाजारात आली, मग सरकारने २००२ मध्ये उरलेलं सगळं जाळून टाकलं. किंमत ऐकून मी नोट परत दिली.

आता तक्रारी. एक, काकांचा पुतण्या पितळी नाणी चिंचेनं घासतो. गिऱ्हाईकाला चमक लागते म्हणे. अरे भो, नाण्याचा जुना रंग गेला की अर्धी किंमत गेली, देव्हाऱ्यातली समई आहे का ती! काळपट २० फेनिग वेगळे मागा, काका आतून काढून देतात. दोन, नाणी ज्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात देतात ती पीव्हीसीची आहेत, त्याने पितळ-तांब्यावर हिरवा चिकट थर येतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला ती पाकिटं नुसती घाम फोडतात. घरी गेल्या गेल्या काढून कागदी पाकिटात टाका. हवेचं म्हणाल तर खान्देशची कोरडी हवा नाण्यांना मुंबईपेक्षा चांगली.

तिसरी तक्रार मोठी आहे. "पूर्व जर्मनी मिक्स" म्हणून एक डबा आहे, मूठभर घ्या, शंभर रुपये. त्यात पश्चिम जर्मनीचे फेनिग सर्रास मिसळलेत. मुद्दाम नसेल, मुंबईहून माल येतो तसाच ओततात. पण खिशात लोहचुंबक ठेवा. पश्चिमेचे १, ५ आणि १० फेनिग आतून लोखंडी आहेत, टकाटक चिकटतात, पूर्वेचं एकही चिकटत नाही. ओकची फांदी दिसली की पश्चिम. आणि नुसतं ए अक्षर बघून पूर्व समजू नका, ए म्हणजे बर्लिनची टांकसाळ, ती १९९० पासून एकत्र जर्मनीची नाणी पाडायला लागली तेव्हाही ए च राहिला. हे मी काकांना सांगितलं, ते म्हणाले "मंग तुम्हीच वेगळं करून द्या ना", आणि खरंच स्टूल दिलं, चहा मागवला. डबा निम्मा निवडून झाला आणि त्या बदल्यात १९४८ चा एक फेनिग फुकट मिळाला, म्हणजे देश व्हायच्या आधीचा.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो चिंचेसाठी.

जायचं असेल तर संध्याकाळी जा, दुपारी काका जेवून झोपतात आणि पुतण्याला भाव माहीत नसतात, तो सगळ्याला दोनशे सांगतो. फोनवरून पेमेंट चालतं. बिल मागितलं तर घड्याळ दुरुस्तीच्या पावतीवर लिहून देतात. पार्किंग अजिबात नाही, गाडी लांब लावून चालत या. आणि २ मार्कचं १९५७ वालं दिसलं तर माझ्यासाठी ठेवायला सांगा, भुसावळवाला भाऊ म्हटलं की ओळखतील.