एटीव्हीला चेन की ट्रॅक?
अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या मिल लॅक्ससारख्या गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला एटीव्ही (खडबडीत वाटेवर चालणारी छोटी, उघडी चारचाकी) न्यायची, तर टायरांना चेन की चाकं काढून रणगाड्यासारखे रबरी ट्रॅक? वाऱ्याने वरचा भुगा उडवून बर्फ काचेसारखा केला असेल तर चेनच धरते. रबरी पट्टा तिथे घसरतो. गुडघाभर भुसभुशीत बर्फात मात्र चेन नुसता खड्डा खणते, ट्रॅक वजन पसरवून वरून चालतो. पण खर्च कितीतरी पट, वेगही कमी. माझं मत चेनला, कारण ट्रॅकचे पैसे बुडाले की मासे महागात पडतात!

सामानाची घसरगाडी दोरीने मुळीच ओढू नका, लोखंडी दांडा जोडा. दोरी असली की ब्रेक दाबताच बर्फाला भोक पाडायचं ड्रिल आणि तंबू यांसकट घसरगाडी मागून येऊन आदळते. आणि छोट्या एटीव्हीलाही 5 ते 7 इंच जाडीचा नवा, नितळ बर्फ लागतो.