पूजा, हरिपाठ, ओव्या की नाम: रोजचं एकच धरायचं तर

भाचा वाळूजला एका कंपनीत आहे, दर आठवड्याला पाळी बदलते. दिवाळीत आला तेव्हा अंगणात बाजेवर बसून म्हणाला, "मामा, रोज देवाचं कायतरी नेमानं करावं म्हणायलो. उदबत्ती लावतो, हात जोडतो, पण तेवढ्यानं भागंना. काय धरू?"

मी गंगाखेडकडचा, आयुष्यभर मास्तरकी केली. यातलं बहुतेक सगळं धरून झालंय, काही सुटलंयही. म्हणून त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो. त्याच्यासारखे विचारणारे बरेच असतात.

आधी घरची पूजा. देवाला स्नान, गंध, अक्षता, फूल, नैवेद्य. वीस मिनिटांत उरकते आणि घराला वळण लागतं. लहान पोरं बघून बघून शिकतात, हा तिचा मोठा फायदा. पण पूजा घराला बांधलेली असते. गावाला गेलात की खंड, सुतक आलं की खंड, बऱ्याच घरांत बायकांना महिन्याचे चार दिवस खंड. शिवाय दोघा मित्रांसोबत खोली करून राहणाऱ्या पोरानं सोवळं सांभाळायचं कुठं? आईवडील, देव्हारा, तुळस असलेल्या घरात पूजा उत्तम. भाच्याला मी ती सुचवलीच नाही.

हरिपाठाची गोष्ट वेगळी. ज्ञानेश्वर महाराजांचे सत्तावीस अभंग. एकट्यानं नुसते वाचले तर पंधरा मिनिटं, टाळावर म्हटले तर अर्धा-पाऊण तास. नाथांचा, नामदेवांचा हरिपाठही आहे, पण गावोगावी रोज चालतो तो माउलींचा. आमच्या मारुतीच्या देवळात संध्याकाळी दिवेलागणीला सुरू होतो. पकवाजवाला आधी डाव्या पुडीला कणीक थापतो, दोनदा वाजवून बघतो, थोडी काढतो, परत थापतो. तोवर पोरं टाळाच्या दोऱ्या बोटाला गुंडाळत भांडत असतात. मग रूपाचा अभंग, 'जय जय रामकृष्णहरी', आणि अभंगागणिक फिरून फिरून येणारं 'हरि मुखे म्हणा'चं ध्रुपद. तिसऱ्या-चौथ्या अभंगापर्यंत डोक्यात सोयाबीनचा भाव घोळत असतो. पुढं कधीतरी तो सुटतो. नेमका कुठं, ते मला आजवर पकडता आलेलं नाही.

हरिपाठाचं बळ हे आहे की तुमचं मन नसलं तरी बाकीचे ओढून नेतात. चार दिवस दिसला नाहीत तर पाचव्या दिवशी कुणीतरी पारावर हटकतं, "काय मास्तर, कुठं गायब?" ही लाज फार उपयोगाची आहे. पाठांतराचीही चिंता नको. सहा महिने नुसतं मागं म्हणत राहिलं तरी तोंडी बसतो. अडचण एकच, वेळ ठरलेली. दुसऱ्या पाळीवाल्याला संध्याकाळ नसतेच. मोबाइलवर लावून ऐकला तर चाल बसते, पण मी त्याला हरिपाठ केला असं म्हणणार नाही. जेवणाचा वास घेतला म्हणजे जेवण झालं का?

आता ज्ञानेश्वरी. इथं माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. नोकरीत असताना एका आषाढीला संकल्प सोडला, कार्तिकीपर्यंत रोज एक अध्याय. हिशोब केला, अठरा अध्याय, चार महिने, सहा पारायणं सहज होतील. गणिताचा मास्तर असून अध्याय सारखे नसतात हे विसरलो. पहिला 275 ओव्यांचा. बारावा भक्तियोग 247. आणि त्याला लागूनच तेरावा, साडेअकराशेच्या वर! अठरावा तर अठराशेच्या घरात. सहाव्यात कुंडलिनीपाशीच गती मंदावली होती, तेराव्याला दहाची शाळा आडवी आली. त्या दिवशी अर्धा राहिला, दुसऱ्या दिवशी "कालचा अर्धा आणि आजचा पूर्ण" अशी थकबाकी झाली. सावकाराच्या व्याजासारखं ते वाढत गेलं आणि श्रावण संपायच्या आत पोथी फडक्यात बांधून ठेवली. पुढं दोन वर्षं तिच्याकडं बघितलं की अपराध्यासारखं वाटायचं.

सप्ताहात व्यासपीठ चालवणाऱ्या, म्हणजे पारायण पुढं बसून वाचून घेणाऱ्या, एका म्हाताऱ्या बुवांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "अध्याय सोड, ओव्या मोज." साऱ्या ज्ञानेश्वरीत नऊ हजारांच्या आसपास ओव्या. रोज पंचवीस धरल्या तर वर्षात पोथी पूर्ण होते. तेरावा असो की बारावा, पान कुठंही संपो, पंचवीस झाल्या की थांबायचं. सार्थ प्रत घ्यायची, खाली अर्थ वाचायचा. मला अर्थासकट अर्धा तास लागतो.

यात आणि सप्ताहातल्या पारायणात गल्लत करू नका. सात दिवसांत पोथी संपवायची तर रोज तेराशेच्या जवळपास ओव्या होतात. तिथं सामुदायिक आवाजाची गोडी असते, अर्थाकडं लक्ष द्यायला सवड नसते. दोन्ही चांगलं, पण काम निराळं. पारायणात भारावून गेलेला माणूस घरी येऊन तोच वेग धरायला जातो आणि माझ्यासारखा आपटतो.

आणि खरं सांगायचं तर ज्ञानेश्वरी सगळ्यांना पहिल्या दमात मानवत नाही. शके 1212 ची मराठी आहे, शब्द अडतात. ज्याला सरळ, खडसावून सांगणारं हवं त्यानं दासबोध घ्यावा. समर्थ आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. वीस दशक, दोनशे समास. रोज एक समास म्हटला तर दोनशे दिवस. भाषा झटकन कळते. नाथांचं भागवतही गोड, आणि पैठण काय लांब नाही, पण ते पोथीला ज्ञानेश्वरीच्या दुप्पट. त्याला हात नंतर घाला.

राहिलं नामस्मरण. सगळे म्हणतात सोपं. पोथी नको, टाळ नको, सोवळं नको, सुतकातही थांबत नाही. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईनं तर दळता-कांडतानाच नाम घेतलं. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा तिची ओवी आणि जात्याचा फेरा एकाच दमाचा असायचा, तो आवाज अजून कानात आहे. पण तिचा हात कामात गुंतलेला आणि तोंड मोकळं होतं. आपले हात मोकळे आणि डोळे मोबाइलात. म्हणून मी उलटं म्हणतो, एकट्यानं टिकवायला नाम सगळ्यात अवघड. पोथीत निदान खूण राहते, कुठवर आलो ते कळतं. नामात "दिवसभर घेतोच की मी" म्हणणारा माणूस दिवसभरात एकदाही घेत नाही. त्याला संख्या पाहिजे आणि जागा पाहिजे. माळ जवळ नसली तर बोटांची पेरं आहेत: अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं, नऊ फेरे झाले की 108. 'रामकृष्णहरी' म्हणत एक माळ व्हायला चार-पाच मिनिटं पुरतात.

भाच्यानं मधेच विचारलं, "मग गळ्यात माळ घालू का?" तो प्रश्न वेगळा ठेवला. तुळशीची माळ घालणं म्हणजे मांस-दारू बंद, एकादशी धरायची, वारी करायची. आपल्याकडं पाव्हण्यांच्या कंदुऱ्या, म्हणजे नवसाची मटणाची जेवणं, असतात. जेवायला बसवतात, नाही म्हटलं की रुसतात. ते निभावायची तयारी झाली की माळ घालावी. जोशात घातलेली आणि वर्षभरानं काढून खुंटीला लावलेली माळ मी दोन-तीन घरांत बघितलीय.

तर निवडायचं कसं? गावात राहता, संध्याकाळ मोकळी आहे, देवळात पाच माणसं जमतात, तर डोळे झाकून हरिपाठ. दुसरं काही शोधू नका. बायकांचं भजनी मंडळ असेल तर घरच्या माउलीनंही तेच धरावं. घरातल्या कामातून उठून जायला तेवढंच हक्काचं निमित्त. रिटायर आहात, पहाटे आपोआप जाग येते, वाचनाची आवड आहे, तर पंचवीस ओव्या. दोन्ही एकदम सुरू करायचा मोह होतो, करू नका.

भाच्याचं गणित निराळं. पाळी फिरती, म्हणजे घड्याळाला बांधलेला कुठलाच नेम टिकणार नाही. पण कंपनीची बस तिन्ही पाळ्यांना आहे. बसमध्ये सीटवर टेकलं की नऊ फेरे, मोबाइल खिशात. ही त्याची रोजची माळ. सुट्टीच्या दिवशी खोलीजवळ विठ्ठलाचं देऊळ आहे, तिथं हरिपाठाला जाऊन मागं बसायचं. ओव्यांचं नाव वर्षभर काढायचं नाही. तो थोडा हिरमुसला, त्याला पोथी घ्यायची होती. मी म्हटलं, घेऊन ठेव, फडकं सोडू नको.

महिन्यानं फोन आला. "मामा, रात्रपाळीला चारच फेरे होयलेत. टेकलं की डोळा लागायलाय."

"जाताना का येताना?"

"येताना."

"मग जाताना म्हण."

"जाताना सुपरवायझर शेजारी बसतो."

"त्याला पण घे."

पलीकडं बराच वेळ नुसतं हसू ऐकू येत होतं.