अल्डाब्राची कासवे आणि माझे २,५४,५५० रुपये

२,५४,५५० रुपये. परदेशातल्या बेटावर कासवे मोजायला नेण्याच्या नावाखाली माझी एवढ्याची फसवणूक झाली. हा आकडा मी आजवर घरातल्या तिघांना, पोलीस ठाण्यातल्या दोघांना आणि बँकेतल्या एकाला सांगितला आहे. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी सहानुभूती आणि पाठोपाठ ‘एवढा शिकलेला माणूस!’ हा भाव उमटलेला मी पाहिला. तो भाव पुन्हा सोसायची तयारी ठेवून हे लिहितो आहे, कारण येत्या मेअखेरीस खानदेशातले माझ्या ओळखीचे सहा-सात शिक्षक निवृत्त होत आहेत, त्यांच्या हाती एकरकमी पैसा येणार आहे आणि त्यांतल्या दोघा-तिघांना माझ्यासारखेच रानावनाचे वेड आहे.

मी तापीकाठच्या एका गावात एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. १८८४ नंतर ज्याचा खात्रीलायक पुरावा नव्हता तो रानपिंगळा, म्हणजे एक लहान घुबड, १९९७च्या नोव्हेंबरात आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. ती बातमी वर्गात वाचून दाखवताना माझा आवाज थरथरला होता, असे जुने विद्यार्थी अजून सांगतात. पुढे सातपुड्यात, यावलच्या अभयारण्यात मुलांना घेऊन जाणे हेच माझे सुटीतले काम झाले. परदेशातले जंगल मात्र एकही पाहिले नव्हते. हे सगळे सांगण्याचा हेतू एवढाच की, मी हाव धरून फसलो नाही. कोणी मला दामदुप्पट देतो म्हटले नव्हते. सहा आठवडे उन्हात कासवे मोजायला आणि किनाऱ्यावरचा प्लास्टिकचा कचरा उचलायला या, असे म्हटले होते.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत आमच्या निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सॲप समूहावर एका माजी विद्यार्थ्याने तो संदेश टाकला. त्याचाही त्यात दोष नाही, त्याला तो दुसरीकडून आला होता. हिंदी महासागरातल्या सेशेल्स देशातील अल्डाब्रा या प्रवाळबेटावर स्वयंसेवक हवे आहेत, निवृत्त शिक्षकांना प्राधान्य, राहणे-जेवणे मोफत. मी काही डोळे झाकून उडी मारली नाही. दोन रात्री बसून प्रत्येक विधान पडताळले. अल्डाब्रा १९८२ पासून जागतिक वारसा स्थळ आहे: खरे. राजधानीच्या माहे बेटापासून ते एक हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे, तिथे कायमची वस्ती नाही, पिकार बेटावर फक्त संशोधन केंद्र आहे: खरे. तिथे एक लाखाहून अधिक महाकाय कासवे आहेत आणि पाणकोंबडीच्या कुळातला, उडता न येणारा एक पक्षी आहे: खरे. २०१९ मध्ये स्वयंसेवकांनी त्या निर्मनुष्य किनाऱ्यांवरून सुमारे २५ टन कचरा काढला: तेही खरे. सगळे खरे निघाल्यावर मी निर्धास्त झालो. बेटाची एवढी उलटतपासणी केली, पण संदेश पाठवणाऱ्या माणसांविषयी एक प्रश्नसुद्धा मनात आला नाही. संस्था कोणाची, तिची नोंदणी कुठे, बेटाचा कारभार ज्यांच्याकडे आहे त्यांनी हिला नेमले आहे का, यांतले काहीही मी विचारले नाही. एक ई-मेल पुरला असता, आणि त्यासाठी पत्ताही त्यांनी दिलेला नव्हे, आपण स्वतः शोधलेला वापरायचा असतो.

पैसे कसे गेले ते तारखांसह लिहितो. २१ फेब्रुवारी, नोंदणी शुल्क ४,५०० रुपये. २८ फेब्रुवारी, ऑनलाइन मुलाखत व प्रशिक्षण, १०,००० अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ११,८०० रुपये. या पावतीवर पत्ता मुंबईचा होता आणि जीएसटी क्रमांक ०९ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा क्रमांक २७ने सुरू होतो, ०९ हा उत्तर प्रदेशचा संकेतांक आहे, आणि कोणताही क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो, हे मला चार महिन्यांनी कळले. १२ मार्च, ‘पर्यटक व्हिसा’ शुल्क २८,५०० रुपये. भारतीयांना सेशेल्सला जायला व्हिसा लागतच नाही. प्रवासापूर्वी ऑनलाइन परवानगी तेवढी घ्यावी लागते. जी वस्तू अस्तित्वातच नाही ती मी २८,५०० रुपयांना विकत घेतली आणि तिची पावती कपाटात जपून ठेवली.

आता ज्या क्षणाने मला आजही रात्री झोप येत नाही, तो सांगतो. मार्चच्या शेवटी त्यांनी रंगीत माहितीपत्रक पाठवले. मुखपृष्ठावर कासव होते. त्याचे कवच पुढून खोगिरासारखे वर उचललेले होते आणि मान लांब होती. अल्डाब्राच्या कासवाचे कवच घुमटाकार असते, आणि कवचाच्या पुढच्या कडेला, मानेच्या बरोबर वर, एक लहानशी पट्टी असते. पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांवरच्या कासवांना ती नसते. चित्रात ती पट्टी नव्हती. म्हणजे हिंदी महासागरातल्या बेटाच्या पत्रकावर पॅसिफिकमधले कासव छापले होते. हे मला चहा पिता पिता, पहिल्या नजरेत दिसले. एकतीस वर्षांच्या नोकरीचे चीज व्हावे असा तो क्षण होता. जी माणसे आयुष्य त्या कासवांमध्ये काढतात म्हणतात, त्यांना आपले कासव ओळखू येत नाही, याचा अर्थ लावायला जीवशास्त्राची पदवीसुद्धा लागत नाही.

मी काय केले? मी त्यांना फोन करून चूक दाखवून दिली. पट्टीसकट सगळे समजावून सांगितले. पलीकडचा ‘क्षेत्र समन्वयक’ क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, “सर, तीन वर्षांत ही चूक पकडणारे तुम्ही पहिलेच. मुद्रकाने घोटाळा केला. तुमच्यासारखा माणूस आम्हाला कासवगणनेचा गटप्रमुख म्हणून हवा आहे.” माझी छाती फुगली. संध्याकाळी मी हे घरात दोनदा सांगितले. आणि २ एप्रिलला, माहेहून बेटापर्यंतच्या बोटीतली जागा म्हणून, ९६,००० रुपये पाठवले. यूपीआयची दिवसाची एक लाखाची मर्यादा त्यांना चांगली ठाऊक होती. पैसे घेणाऱ्याचे नाव म्हणून पडद्यावर एका बाईचे नाव आले. विचारले तर “आमच्या लेखापाल मॅडम” असे उत्तर मिळाले. संस्थेची पावती आणि खासगी बचत खाते, एवढ्यावरच थांबायला हवे होते. परदेशी संस्थेला खरोखर पैसे द्यायचे असतील, तर बँकेत ‘ए-२’ अर्ज भरून रीतसर पाठवावे लागतात. बोटीचे परदेशी भाडे कोणाच्या लेखापाल मॅडमच्या खात्यातून जात नसते.

माझी पत्नी त्या दिवशी एवढेच म्हणाली, “कासव देखाले इतला पैसा लागस का?” मी तिला जैवविविधतेवर व्याख्यान दिले.

एप्रिलमध्ये त्यांनी माझ्या बुटांच्या तळव्यांचे फोटो मागवले. अशा बेटांवर बाहेरचे बी-बियाणे किंवा मुंग्या जाऊ नयेत म्हणून सामान तपासतात, ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच मला तिचे कौतुक वाटले. ६,३४० रुपयांचे नवे बूट आणि विजेरी घेतली होती. बूट मळ्यात घालून पाहिले होते, म्हणून त्यांच्या खाचांतली काळी माती मी जुन्या दातब्रशने तासभर उकरली आणि सहा फोटो पाठवले. ‘उत्तीर्ण’ असा शेरा आला. साठीला टेकलेला माणूस त्या शेऱ्याने खूष झाला. त्याच आठवड्यात, २४ एप्रिलला, हवाई रुग्णसेवेचा विमा ३८,७५० रुपये, आणि ९ मे रोजी ‘परत मिळणारी अनामत’ ७५,००० रुपये. बूट आणि विजेरी वरच्या आकड्यात धरलेली नाहीत.

२० मे रोजी आणखी ६२,००० रुपयांची मागणी आली. माझे प्रस्थान ३ जुलैला होते आणि त्या सुमारास चक्रीवादळाचा धोका असल्याने बोटीला अधिभार लागेल, असे पत्र होते. मी पैसे पाठवणारच होतो. सहज म्हणून ते पत्र आमच्या भूगोलाच्या निवृत्त सरांना दाखवले. ते म्हणाले, “गुरुजी, दक्षिण गोलार्धात जुलैमध्ये चक्रीवादळ? तिकडचा वादळाचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल.” मग सरांनी, संस्थेने मला पाठवलेल्या विमानाच्या तिकिटावरचा आरक्षण क्रमांक विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकला. अशी नोंदच नव्हती. हे काम दोन मिनिटांचे होते. ज्याला तिकीट हाती आले असेल त्याने ते आत्ता, हा मजकूर बाजूला ठेवून करावे.

यानंतरचा अनुभव फसवणुकीपेक्षा कडू आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर एक्केचाळीस मिनिटांनी माणूस भेटला. त्याने पहिला प्रश्न विचारला, “शेवटचा व्यवहार कधीचा?” अकरा दिवसांपूर्वीचा म्हटल्यावर त्याच्या आवाजातला जीवच गेला. पहिल्या तासा-दोन तासांत कळवले तर पैसा वाटेत अडवता येतो, हे सगळीकडे सांगतात. पण ज्याला फसल्याचेच तीन महिन्यांनी कळते, त्याने तो पहिला तास कुठून आणायचा? सहा व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक मी पासबुकातून वाचून दाखवले. पुढे कळले की, पैसा तीन खात्यांतून फिरून गेला होता आणि गोठवलेल्या खात्यात ३,११२ रुपये उरले होते. तेही मला मिळायला न्यायालयाचा आदेश लागेल, असे तेव्हा सांगण्यात आले.

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात समोर बसलेला हवालदार माझाच विद्यार्थी निघाला. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि गुन्हा मात्र नोंदवला नाही. “सर, खाते दुसऱ्या राज्यातले आहे, हद्द आपली नाही, तुम्ही अर्ज देऊन ठेवा.” गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर तो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिले आहे, ते मी छापून नेले. त्यावर मला सायबर शाखेकडे जायला सांगितले. तिथे असे कळले की, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो आणि साहेब बंदोबस्तावर आहेत. मी पाच वेळा गेलो. एकदा साहेब होते, पण संगणकाची जोडणी बंद होती. मे महिन्यात त्या वऱ्हांड्यात पंख्याखाली जागा मिळणे हाच काय तो न्याय होता. अखेर गुन्हा नोंदला गेला तो त्रेसष्टाव्या दिवशी, आणि त्यात रक्कम २,४५,५५० लिहिली गेली. ती दुरुस्त करायला आणखी एक अर्ज.

बँकेने तर मला आरोपीच केले. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे रिझर्व्ह बँकेचे २०१७चे परिपत्रक मी पुढे ठेवले. अधिकारी म्हणाले, ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, पिन तुम्ही स्वतः टाकला आहे. हे मला मान्य आहे. पण मग त्या बाईचे खाते कागदपत्रे तपासून कोणी उघडले? तिचा पत्ता द्या म्हटले, तर खातेदाराची गोपनीयता आड आली. माझ्या मुलीच्या शिक्षणकर्जाच्या वेळी याच बँकेने माझ्याकडून नात्यातल्या दोन माणसांची शेतीची कागदपत्रे घेतली होती. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे तर आधी बँकेकडे तक्रार करून ३० दिवस थांबा. थांबलो. परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणाचे सरकारी कार्यालय म्हणाले की, ही नोकरी नसून स्वयंसेवा आहे, म्हणजे आमच्या कक्षेत नाही. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत दलालाला ३०,००० रुपये आणि जीएसटीपेक्षा जास्त घेता येत नाहीत, तो नियमही तेव्हाच कळला. पण फुकट राबायला जाणाऱ्याकडून किती घ्यावे यावर नियम नाही.

कोणी म्हणेल, स्वयंसेवेसाठी पैसे मागितले तिथेच ओळखायला हवे होते. तसे नाही. परदेशातल्या कितीतरी खऱ्या प्रकल्पांत स्वयंसेवक स्वतःचा खर्च भरतात, तेव्हा केवळ पैसे मागितले ही खूण पुरेशी नाही. पैसे हप्त्याहप्त्याने, दर वेळी नव्या कारणासाठी आणि दर वेळी “हे शेवटचे” म्हणून मागितले, ही खूण आहे. आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केल्यानंतर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या वकिलाचा फोन येईल. मला आला, ७,५०० रुपये मागत होता आणि माझा तक्रार क्रमांक त्याला पाठ होता. तो फोन ठेवून द्यावा.

परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांनी मला एक माहितीपत्रक पाठवून विचारले की, सर, तुम्ही यातले जाणकार, हे कसे वाटते? संस्थेचे नाव नवे आहे, बोटीचे भाडे १,१०,००० झाले आहे आणि ते दोन दिवसांत विभागून भरायचे आहे. मुखपृष्ठावरचे कासव मी मोठे करून पाहिले. कवच घुमटाकार आहे, आणि मानेच्या बरोबर वर ती लहानशी पट्टी स्पष्ट दिसते.