‘सरेंडर’च्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी: इंग्लंडमध्ये हप्त्यांवरची गाडी परत करताना माझी झालेली फसवणूक

नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहणारी, हप्त्यांवर गाडी घेतलेली आणि कराराची मुदत संपण्याआधीच भारतात परतण्याच्या तयारीत असलेली मराठी कुटुंबे बरीच आहेत. माझ्यावर जी वेळ आली ती त्यांच्यावर येऊ नये, म्हणून हा अनुभव आकड्यांसह लिहीत आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये रेडिंगला असताना मी पीसीपी (पर्सनल कॉन्ट्रॅक्ट परचेस) पद्धतीच्या करारावर गाडी घेतली; यात दरमहा हप्ते भरायचे आणि शेवटी मोठी रक्कम देऊन गाडी स्वतःची करायची किंवा परत द्यायची. डाउन पेमेंट २,००० पौंड, दरमहा २६० पौंडांचे ४८ हप्ते, आणि गाडी स्वतःकडेच ठेवायची असल्यास शेवटी ७,५०० पौंड एकरकमी व १० पौंड शुल्क, अशी एकूण देय रक्कम २१,९९० पौंड होती. ३५ हप्ते वेळेवर भरून झाले आणि वडिलांच्या आजारपणामुळे पुण्याला कायमचे परतण्याचा निर्णय आम्हाला घ्यावा लागला.

ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्यातील कलम ९९ नुसार अशा ग्राहकाला शेवटचा हप्ता देय होण्यापूर्वी केव्हाही लेखी नोटीस देऊन करार संपवता येतो. कलम १०० नुसार त्याची देणेदारी एकूण देय रकमेच्या निम्म्यापर्यंतच राहते. मात्र हप्ते थकलेले नसावेत आणि गाडीची वाजवी काळजी घेतलेली असावी. डाउन पेमेंटही या हिशेबात धरले जाते. माझ्या करारात ही निम्मी रक्कम, म्हणजे १०,९९५ पौंड, एका चौकटीत स्पष्ट छापलेली होती आणि मी ११,१०० पौंड भरले होते. वरचे १०५ पौंड परत मिळत नाहीत, हे मला ठाऊक होते. पण गाडी दिली की पुढे काहीही देणे उरायला नको होते.

हा हिशेब हाताशी ठेवूनच मी वित्तसंस्थेला फोन केला. निम्म्याहून अधिक रक्कम भरलेली आहे, त्यामुळे काही देणे राहणार नाही ना, असे मी दोनदा विचारले. समोरच्या कर्मचाऱ्याने दोन्ही वेळा होकार दिला आणि स्वेच्छेने गाडी परत करण्याचा फॉर्म ई-मेलने पाठवतो, ती केवळ औपचारिकता आहे, असे सांगितले. फॉर्मच्या शीर्षकात ‘व्हॉलंटरी सरेंडर’ असे शब्द होते. कायद्याने मला दिलेला हक्क ‘व्हॉलंटरी टर्मिनेशन’चा, म्हणजे करारच संपवण्याचा होता. मराठीत दोन्हींना आपण ‘स्वेच्छेने’ म्हणू, पण सरेंडरमध्ये ग्राहक फक्त गाडी वित्तसंस्थेच्या स्वाधीन करतो आणि उरलेले सगळे कर्ज त्याच्याच डोक्यावर राहते. सामानाची बांधाबांध चालू असताना मी सही केली.

पुण्यात पोहोचल्यावर दोन महिन्यांनी पत्र आले. शिल्लक कर्ज १०,१२० पौंड, लिलावात गाडीला आलेली किंमत ७,३०० पौंड, वाहतूक व लिलावाचा खर्च १५० पौंड. म्हणून २,९७० पौंड तातडीने भरावेत, अन्यथा प्रकरण वसुली संस्थेकडे जाईल. पाठोपाठ माझ्या क्रेडिट रेकॉर्डवर थकबाकीची नोंदही झाली. त्या पत्रापेक्षाही मला जास्त लागले ते हे, की मी नेमका प्रश्न विचारला होता आणि मला चुकीचे उत्तर दिले गेले होते.

मी वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार केली आणि त्या फोन संभाषणाचे ध्वनिमुद्रण मागितले. अंतिम उत्तरासाठी संस्थेला आठ आठवड्यांची मुदत असते. उत्तर नकाराचे आले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे वित्तसंस्थांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येते आणि त्यासाठी ग्राहकाला शुल्क पडत नाही. तिथे प्रकरण दाखल झाल्यावर, ध्वनिमुद्रण सादर करण्याची वेळ येताच, वित्तसंस्थेने मागणी मागे घेतली. क्रेडिट रेकॉर्डवरची नोंद काढून घ्यायला मात्र आणखी चार महिने पाठपुरावा करावा लागला.

माझ्यानंतर परतलेल्या एका सहकाऱ्याने फॉर्मची वाटच पाहिली नाही. ‘१९७४ च्या कायद्यातील कलम ९९ अन्वये मी हा करार संपवत आहे’ असे एकच स्पष्ट वाक्य, करार क्रमांक आणि तारीख घालून त्याने ई-मेल पाठवला आणि तेच पत्र नोंदणीकृत टपालानेही रवाना केले. संस्थेने त्यालाही सरेंडरचा फॉर्म पाठवला होता. सही न करता, हा हक्क काढून घेणारी कराराची अट कलम १७३ नुसार लागू होत नाही, एवढेच त्याने उत्तरात लिहिले. तुमचा करार पर्सनल लोनचा किंवा निव्वळ भाड्याचा असेल तर मात्र हा मार्ग उपलब्ध नाही; हायर परचेस (भाड्यासारखे हप्ते भरून शेवटी मालकी घेण्याचा करार), पीसीपी आणि कंडिशनल सेल (सगळी किंमत फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडे राहणारा विक्री करार) या प्रकारांनाच तो लागू आहे, त्यामुळे करारावरील शीर्षक आधी तपासावे. गाडी न्यायला माणूस आला तेव्हा सहकाऱ्याने चारही बाजूंची, आतील आसनांची आणि किलोमीटरऐवजी मैल दाखवणाऱ्या मीटरची छायाचित्रे घेतली, आणि पोचपावतीवर ‘कलम ९९ अन्वये समाप्ती’ असे लिहून घेतल्यावरच किल्ली हातातून सोडली.