सगळ्यांच्या टोपीला एकच पोचा

शिशाच्या जुन्या खेळण्यातल्या शिपायांच्या नावाखाली नव्याने ओतलेली नक्कल विकणारे पूर्वीही होते. मला ज्याने फसवलं त्याचं ओतकाम काही फार भारी नव्हतं, भिंगाखाली ते टिकलंच नसतं. त्याची खरी कारागिरी होती वेळ काढण्यात. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. असे शिपाई मांडून छोटे देखावे उभारणारा प्रत्येक संग्राहक याच सापळ्यात अलगद अडकू शकतो, आणि नवख्यापेक्षा जाणता माणूस जास्त.

आधी थोडं शिपायांबद्दल. १८९३ साली विल्यम ब्रिटन यांच्या लंडनमधल्या कारखान्याने पोकळ ओतीव शिपाई बाजारात आणले. तापलेल्या धातूच्या साच्यात शिशाचा वितळलेला मिश्रधातू ओतायचा, साच्याला लागून पातळ थर गोठला की आतला उरलेला रस ओतून काढून टाकायचा. शिपाई आतून पोकळ राहतो, धातू कमी लागतो, वजन कमी भरतं, किंमत उतरते. तोवर जर्मनीतले भरीव शिपाई बाजारावर राज्य करत होते, त्यांना या एका युक्तीने घाम फोडला. ५४ मिलिमीटर हे माप तेव्हापासून जे रूढ झालं ते आजतागायत. पायदळाचे आठ किंवा घोडदळाचे पाच, लाल कागद चिकटवलेला पुठ्ठ्याचा डबा, वर छापील लेबल, आणि आत पुठ्ठ्याच्या पट्टीला दोऱ्याने बांधलेले शिपाई. खेळण्यांतल्या शिशावर निर्बंध आले आणि १९६६ मध्ये ब्रिटन कंपनीचं हे ओतकाम थांबलं. म्हणजे अस्सल माल आता वाढणार नाही, फक्त हात बदलणार. मुलांनी खेळून डोकी मोडलेले, रंग उडालेले शिपाई भरपूर मिळतात. पण डब्यासकट, आणि मूळ दोरा न सोडलेला संच मिळाला तर संग्राहक त्यासाठी कितीतरी पट मोजतात.

हा न सोडलेला दोराच त्या माणसाचं हत्यार होता.

मला राजवाड्यासमोरच्या संचलनाचा देखावा करायचा होता. मध्ये वाद्यवृंद, मागे अस्वलाच्या कातडीच्या उंच टोप्या घातलेल्या, ब्रिटिश राजघराण्याच्या रक्षक गार्ड्‌स पलटणींच्या रांगा. असल्या कामाला महिनोन्‌महिने लागतात. फोमच्या तक्त्यावर जमीन कोरायची, फरसबंदी रेखायची, मागच्या भिंतीचं चित्र, दिव्यांची जागा, काचेचं आवरण. शिपाई सगळ्यात शेवटी आत जातात, कारण प्लास्टरची धूळ आणि ओल्या रंगाची वाफ दोन्ही त्यांना वाईट. त्या विक्रेत्याशी पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा त्याने फार आपुलकीने देखाव्याची चौकशी केली. किती मोठा आहे? जमीन झाली का? काच कधी बसणार? मला वाटलं, दर्दी माणूस आहे. आता कळतं की तो हिशोब करत होता. माल घेतल्यावर हा डबा किती दिवस उघडणार नाही, एवढंच त्याला हवं होतं.

पहिला संच त्याने अगदी अस्सल पाठवला. तो मी नीट तपासला. पोकळ ओतकाम होतं, हात खांद्यात सैल फिरत होते, तळाची अक्षरं स्वच्छ होती. या धंद्यात आमिष हे नेहमी खरंच असतं, खोट्याने कोणी गळ टाकत नाही. (त्या खऱ्या शिपायांवरही ताज्या वार्निशचा हात फिरवलेला होता, त्याबद्दल पुढे सांगतो.) त्यानंतर त्याने गार्ड्‌सचे डबे देऊ केले. एका घराण्यातून आलेले, मूळ दोऱ्यासकट, कधी खेळलेच न गेलेले. सोबत सुंदर कागदावर सही करून आजन्म हमीचं पत्र. आणि एक विनंती : दोरा सोडू नका. सोडलात तर निम्मी किंमत तिथल्या तिथे गेली म्हणून समजा.

बारकाईने पाहिलं तर या सल्ल्यात खोटं काहीच नाही. कोणताही जाणकार हेच सांगेल. पण दोरा बांधलेला असला की शिपाई उचलता येत नाही, तळ दिसत नाही, वजन करता येत नाही, पाठ बघता येत नाही. म्हणजे नक्कल ओळखायच्या जेवढ्या म्हणून चाचण्या आहेत, तेवढ्या सगळ्या त्या एका वाक्यात बंद. दिसते ती फक्त समोरची बाजू, आणि रंगवायला सगळ्यात सोपी तीच.

ज्या संकेतस्थळावर व्यवहार झाला तिथे माल पोहोचल्यावर ठराविक मुदतीत तक्रार करावी लागते. अशी मुदत जवळपास सगळीकडे असते. माझी जमीन अजून वाळत होती तेव्हाच ती उलटून गेली. मधल्या काळात तो स्वतःहून निरोप पाठवत राहिला. देखावा कुठवर आला, मागच्या भिंतीला कोणता रंग दिला, घाई करू नका वगैरे. 'घाई करू नका' हे तर त्याने पुन्हा पुन्हा लिहिलं होतं.

काच बसायच्या आधी संचलनासाठी मी दोरे कापले. मूळ शिपाई कोणी गोंदाने चिकटवत नाही, तळाला मेणाचा बारीक ठिपका लावून उभे करतात, म्हणजे उद्या काढता येतात. रांग लावली, डोळे तक्त्याच्या पातळीला आणून पाहिलं, आणि टोप्यांची ओळ मध्येच बसलेली दिसली. आधीच्या अस्सल शिपायांच्या मानाने हे नवे जेमतेम अर्धा मिलिमीटर बुटके. एकटा हातात घेतला तर हे कधीच कळलं नसतं. पण रांग लावली की चुगली होते.

कारण साधं आहे. नक्कल करणारा अस्सल शिपाई घेऊन त्यावर रबराचा साचा बनवतो आणि त्यात धातू ओततो. धातू निवताना आकसतो. मूळ साच्यातून निघालेला शिपाई एकदा आकसलेला असतोच, त्याच्यावरून काढलेला दुसऱ्यांदा आकसतो. नक्कल नेहमी मुळापेक्षा किंचित लहान, आणि बारकावे किंचित बोथट. टोपीखालची हनुवटीची साखळी सपाट, बोटं एकमेकांत मिसळलेली, बंदुकीचा घोडा नुसता उंचवटा. काट्यावर ठेवले तर नवे शिपाई चांगलेच जड भरले, कारण रबरी साच्यातले भरीव असतात. पोकळ ओतकाम करायला धातूचे साचे आणि सरावाचा हात लागतो. या माणसाकडे दोन्ही नव्हतं.

शेवटी टोपी पाहिली. उजव्या कानाच्या वर, मागच्या अंगाला एक लहानसा पोचा. शेजारच्याला तोच. त्याच्या शेजारच्यालाही. जुन्या शिपायाला पोचा असणं हे त्याच्या वयाचं लक्षण, कधीतरी मेजावरून पडला असेल. पण अख्खी पलटण एकाच अंशात एकाच कानावर कशी पडेल? ज्या एका शिपायावरून साचा काढला त्याची जखम सगळ्यांनी उचललेली होती. नक्कल ओळखायची याहून पक्की खूण मला माहीत नाही. माप आणि वजनाबाबत वाद घालता येतो, एकसारख्या दुखापतीबाबत नाही घालता येत.

मग डब्याकडे वळलो. अतिनील दिव्याची छोटी बॅटरी संग्राहकाकडे असावीच. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी चमकद्रव्यं घालतात ती दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली, आणि अतिनील उजेडात ती निळसर पेटतात. युद्धापूर्वीचं म्हणून विकलेलं लेबल अंधारात ट्यूबलाइटसारखं उजळलं. भिंगाखाली अक्षरांच्या कडा रंगीत ठिपक्यांच्या निघाल्या, म्हणजे घरगुती छपाईयंत्र. आणि तो पवित्र दोरा! त्याचं टोक जाळलं तर राख व्हायच्या ऐवजी वितळून काळी गोळी झाली. सूत जळतं, वितळतो तो पॉलिएस्टर. त्या काळच्या कारखान्यात पॉलिएस्टर कुठून येणार?

त्याला लिहिलं. उत्तर सभ्य होतं आणि आधीच तयार असावं इतकं नेटकं. तुम्ही दोरा कापला आहे, तेव्हा मी विकलेल्या स्थितीत संच आता नाही. हेच शिपाई मी पाठवले होते याला पुरावा काय? खाली आणखी एक ओळ : उंचीचा फरक जाणवत असेल तर मागच्या रांगेत लावा, अंतराचा भास छान होईल. देखाव्यात मागे लहान मापाचे शिपाई लावून खोली दाखवतात हे खरंच आहे, त्यामुळे निर्लज्जपणाला दाद द्यावी की काय असं क्षणभर वाटून गेलं. आजन्म हमीच्या पत्रावर त्याने अवाक्षर काढलं नाही. संकेतस्थळाने मुदत दाखवली. बँकेनेही तेच. पैसे गेले ते गेलेच.

म्हणजे दोरा ठेवला तर तपासता येत नाही, कापला तर दावा करता येत नाही. या कात्रीत सापडायचं नसेल तर जे करायचं ते मुदत संपण्याआधी, आणि दोरा न कापता. बरंच काही करता येतं. डबा उघडतानाचं चित्रीकरण एकसंध करा, मध्ये थांबू नका. संच पट्टीसकट काट्यावर ठेवा. त्याच संचाचं अस्सल वजन जुन्या संग्राहकाकडून मिळतं, आणि आठ भरीव शिपायांचा फरक लपत नाही. दंतवैद्याचा छोटा आरसा पट्टी आणि शिपायाच्या मध्ये सरकवला तर पाठ आणि तळाचा काही भाग दिसतो. टोप्यांची ओळ डोळ्याच्या पातळीवर आणून पाहा. लेबल, पट्टी आणि दोरा अतिनील दिव्याखाली धरा. दोऱ्याच्या गाठीचं सुटं टोक असतंच, त्यातला एक धागा जाळून बघायला किंमत उतरत नाही. आणि विक्रेत्याशी बोलणं संकेतस्थळाच्या आतच ठेवा. हा माणूस दुसऱ्याच निरोपानंतर खासगी पत्त्यावर बोलायला लागला होता, त्यामुळे 'घाई करू नका' हे कुठल्याच अधिकृत नोंदीत नाही.

तळावरच्या सालाबद्दलही सांगून ठेवतो, कारण त्यावर बरीच जाहिरातबाजी चालते. ब्रिटन कंपनीच्या शिपायांच्या तळाला जी तारीख असते ती त्या नमुन्याच्या हक्कनोंदणीची. तोच साचा पुढे अनेक वर्षं वापरात राहायचा. १९०१ ची तारीख म्हणजे १९०१ चा शिपाई नव्हे.

आता तो वार्निशचा हात. पहिल्या अस्सल संचातल्या शिपायांच्या घोट्यांवर काही महिन्यांनी पांढरी भुकटी दिसू लागली. शिशाला ॲसेटिक आम्लाची वाफ लागली की असं होतं. ओकचं लाकूड, एमडीएफचे (दाबलेल्या लाकूडतंतूंचे) तक्ते, काही प्रकारचा सिलिकॉन सीलंट आणि पुरता न वाळलेला रंग यांतून ही वाफ निघते आणि बंद कपाटात साचते. हा रोग एका शिपायाकडून दुसऱ्याला लागत नाही, कपाटातली हवा सगळ्यांना एकदमच पकडते. या विक्रेत्याने रोगट शिपाई पुसून, वर वार्निश मारून आमिषाला लावले होते. धातू आतून पोखरलेला, वरून तकतकीत. विनाकारण चकचकणारा जुना शिपाई दिसला की घोटे, बंदुकीचं टोक आणि तळाची कड भिंगाखाली पाहा, सुरुवात तिथूनच होते. ती भुकटी शिशाची असते. फुंकू नका, हात धुवा, मुलांना लांब ठेवा. माझ्या देखाव्याचं आवरण मी धातूच्या चौकटीचं केलं, दोन बाजूंना हवा खेळायला फटी ठेवल्या, आणि रोगट शिपाई त्यात नेलेच नाहीत.

नकली शिपायांच्या तळावर मी सुईने 'नक्कल' असं खोल कोरलं आहे. माझ्यामागे कोणी तो डबा विकायला काढला तर पुढच्याला निदान कळेल. ते परत विकून पैसे वसूल करण्याचा सल्लाही एकाने दिला होता. त्याच्याकडून आता मी काहीच घेत नाही.

तो माणूस नाव बदलून पुन्हा विकतो आहे. सध्या त्याच्याकडे वेल्श गार्ड्‌सचा संच आहे, दोरा शाबूत, आणि वर्णनात साल १९०१ दिलं आहे. वेल्श गार्ड्‌स ही पलटण उभी राहिली १९१५ मध्ये. छायाचित्रं समोरूनच काढली आहेत, पण एक थोडं तिरकं निसटलं आहे. त्यात कडेच्या दोघांच्या टोप्या मागून दिसतात. उजव्या कानाच्या वर बघा.