ठाण्याहून दक्षिण आफ्रिका: गेंड्यांच्या माहेरी जेमतेम अर्धा दिवस

गेल्या ऑगस्टमध्ये मी आणि माझी पत्नी ठाण्यातील एका सहल कंपनीबरोबर अकरा दिवसांच्या दक्षिण आफ्रिका सहलीला जाऊन आलो. माझी तक्रार मी नौपाड्यातील त्यांच्या कार्यालयात समक्ष नोंदवली आहे आणि ती त्यांनी शांतपणे ऐकूनही घेतली आहे, त्यामुळे कंपनीचे नाव येथे देत नाही. मात्र अशाच प्रकारच्या सहली ठाण्यातून बऱ्याच निघतात आणि त्यांच्या कार्यक्रमपत्रिका एकमेकींसारख्याच असतात, म्हणून जाण्याचा विचार करणाऱ्यांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

व्यवस्थेबद्दल चांगलेच सांगावे लागेल. व्हिसाची कागदपत्रे कंपनीने नीट तपासून घेतली, हॉटेले स्वच्छ होती, गुडघ्याचा त्रास असलेल्या एका काकूंना प्रत्येक ठिकाणी तळमजल्याची खोली मिळाली, आणि आमच्याबरोबरचा तरुण सहल व्यवस्थापक रात्री अकरा वाजताही फोन उचलत असे. जेवणाची आबाळ कुठेच झाली नाही. माझा आक्षेप आहे तो एका दिवसाच्या नियोजनाबद्दल, आणि तो दिवस माझ्या मते संपूर्ण सहलीतील सर्वांत मोलाचा होता.

कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या दिवसापुढे ‘ह्लुह्लुवे-इम्फोलोझी: पूर्ण दिवस सफारी’ असे छापलेले होते. डर्बनहून हे अभयारण्य बसने सुमारे तीन तासांवर आहे. सकाळी सातला निघायचे ठरले असताना वाटेत भेटवस्तूंच्या एका मोठ्या दुकानात दीड तास गेला, पुढे जेवणासाठी आणखी एक तास गेला, आणि उघड्या सफारी गाडीत आम्ही बसलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे लागत असल्याने हातात जेमतेम चार तास उरले.

हे ठिकाण साधे नाही. काळ्या आणि पांढऱ्या इम्फोलोझी नद्यांच्या संगमाचा हा परिसर झुलू राजा शाकाच्या काळात राजघराण्याचे शिकारीचे रान होता. एकोणिसाव्या शतकात युरोपीय शिकाऱ्यांच्या बंदुकांनी दक्षिणेकडील पांढरा गेंडा जवळजवळ संपवला आणि शतक सरताना उरलेसुरले मोजके प्राणी या संगमाच्या आसपासच शिल्लक होते. १८९५ मध्ये ह्लुह्लुवे आणि इम्फोलोझी ही राखीव क्षेत्रे घोषित झाली. कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत मात्र राखीव जंगलांचा इतिहास १८९८ पासून, म्हणजे क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचा आरंभ ठरलेल्या साबी राखीव क्षेत्रापासून सुरू होतो. त्याच पुस्तिकेत असेही छापले आहे की ‘रुंद’ या अर्थाच्या डच शब्दाचा इंग्रजांनी चुकीचा उच्चार केल्यामुळे या गेंड्याला ‘पांढरा’ हे नाव पडले. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण जुन्या डच लिखाणात तिला आधार सापडलेला नाही. पुस्तिका पुन्हा छापताना या दोन्ही गोष्टी दुरुस्त कराव्यात, अशी विनंती मी लेखी दिली आहे.

आम्हाला प्रत्येकाला एक कार्ड दिलेले होते. त्यावर सिंह, हत्ती, रानरेडा, बिबट्या आणि गेंडा यांची चित्रे होती आणि प्राणी दिसला की त्याच्यापुढे खूण करायची होती. आत शिरल्यावर वीस मिनिटांतच रस्त्यालगतच्या पिवळ्या गवतात पांढऱ्या गेंड्याची मादी आणि तिचे पिल्लू दिसले. गाडीचे इंजिन बंद झाले आणि गवत उपटण्याचा फर्रफर्र असा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. मादीचे सपाट, रुंद तोंड जमिनीला टेकलेले होते आणि ती गवत कापण्याच्या यंत्रासारखी एका ओळीत पुढे सरकत होती. निगरगट्ट माणसाला आपण ‘गेंड्याच्या कातडीचा’ म्हणतो. पण लाल चोचीचा एक लहान पक्षी तिच्या कानात चोच घालून गोचीड टिपत होता, आणि त्या एवढ्याशा स्पर्शानेही तिचा कान दर वेळी फडफडत होता. थोड्या वेळाने ती चालू लागली तेव्हा पिल्लू पुढे आणि आई मागे होती. आमच्या झुलू वाटाड्याने सांगितले की पांढऱ्या गेंड्याचे पिल्लू आईच्या पुढे चालते आणि काळ्या गेंड्याचे मागे, कारण काळा गेंडा झुडपांत राहतो आणि तेथे वाट आईलाच काढावी लागते.

मादीच्या नाकावर शिंगांच्या जागी दोन सपाट, फिकट बुंधे होते. गाडीतील काही जणांचा छायाचित्रांच्या दृष्टीने विरस झाला, आणि ते बुंधे पाहून क्षणभर मलाही वाईट वाटले. २०२४ च्या एप्रिलपासून या अभयारण्यातील गेंड्यांची शिंगे कापायला सुरुवात झाली, कारण आदल्या वर्षी देशभरात चोरट्या शिकारीत मारल्या गेलेल्या ४९९ गेंड्यांपैकी ३०७ एकट्या याच अभयारण्यातील होते. गेंड्याला भूल देऊन, मुळाच्या वरच्या बाजूला यांत्रिक करवतीने शिंग कापतात. आपली नखे ज्या द्रव्याची असतात त्याच केराटिनचे ते असल्याने प्राण्याला वेदना होत नाहीत आणि शिंग पुन्हा वाढते, म्हणजे काही काळाने ते पुन्हा कापावे लागते. वाटाड्या हे सांगत असतानाच पुढच्या गाडीकडून सिंह दिसल्याचा निरोप आला, आमच्या कार्डावर गेंड्यापुढे खूण झालेलीच होती, आणि व्यवस्थापकाने गाडी पुढे घ्यायला सांगितले. वाटाड्याचे वाक्य अर्धवट राहिले.

ते त्याने परतीच्या वाटेवर, मी विचारल्यावर, पूर्ण केले. क्रुगरमध्ये तुम्हाला पांढरा गेंडा दिसला तर तो इथल्याच गेंड्यांच्या वंशातला असेल, असे तो म्हणाला. हे अक्षरशः खरे आहे. क्रुगरच्या प्रदेशातून पांढरा गेंडा १८९६ च्या सुमारासच नाहीसा झाला होता. इम्फोलोझीतही त्याचे टिकणे सोपे नव्हते, कारण त्सेत्से माशीमुळे गुरांना होणाऱ्या नागाना या रोगाचा दोष रानटी प्राण्यांवर आला आणि १९१९ पासून पुढील सुमारे तीन दशकांत या परिसरात एक लाखाच्या आसपास प्राणी गोळ्या घालून मारण्यात आले. त्या कत्तलीतून गेंडे वगळले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी झाल्यावर माशी आटोक्यात आली. १९५३ मध्ये इयन प्लेअर या तरुण वनरक्षकाने विमानातून गणती केली तेव्हा ४३७ पांढरे गेंडे भरले. संख्या वाढत होती, पण सगळे एकाच रानात असल्याने एखादी साथ आली असती तर सारेच संपले असते. यातून १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘ऑपरेशन ऱ्हायनो’ उभे राहिले. दोन टनांचा प्राणी हलवायचा कसा, हे तोवर कोणालाच नीट ठाऊक नव्हते. किती भूल दिल्यास तो झोपेल पण मरणार नाही, हे प्रयोगातूनच शिकावे लागले, आणि एम-९९ हे प्रभावी औषध हाती आल्यावर कामाला गती आली. तीनशेहून अधिक गेंडे क्रुगरला गेले. काही इंग्लंडमधील व्हिप्सनेड आणि अमेरिकेतील सान दिएगोपर्यंत पोहोचले. रानातील माग आणि प्राण्यांचे स्वभाव प्लेअर यांना शिकवले ते मागकुबू न्टोम्बेला या झुलू वनरक्षकाने. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते आणि प्लेअर त्याला आयुष्यभर आपला गुरू मानत आले. पुस्तिकेत या दोघांपैकी कोणाचेही नाव नाही.

राखीव जंगलांची दुसरी बाजूही सहलीत कोठे आली नाही. क्रुगरच्या उत्तर टोकाच्या पाफुरी भागातून १९६९ मध्ये माकुलेके लोकांना हुसकावून लावले गेले आणि १९९८ मध्ये त्यांच्या जमिनीचा हक्क त्यांना परत मिळाला. जंगल जंगलच राहील, या अटीवर. राखीव जंगल आणि त्याच्या आत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे पाडे हा प्रश्न येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा ठाणेकरांना परका नाही. दहा मिनिटे कोणी हे सांगितले असते तर बसमधल्या प्रत्येकाला ते समजले असते.

पुढे क्रुगरमध्ये आम्ही तीन दिवस होतो. सिंह, हत्ती, रानरेडे भरपूर दिसले आणि शेवटच्या संध्याकाळी झाडावरचा बिबट्याही दिसला. गेंडा एकही दिसला नाही. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये चोरट्या शिकारीत १३ गेंडे गेले होते. २०१४ मध्ये तो आकडा १,२१५ वर पोहोचला आणि त्याचा सर्वांत मोठा घाव क्रुगरवर बसला. २०१० च्या सुमारास तेथे दहा हजारांहून अधिक पांढरे गेंडे होते. शिकार आणि दुष्काळ यांमुळे २०२० मध्ये २,६०७ उरले. या आकड्यांची कल्पना कंपनीला असायला हवी होती, कारण त्यावरूनच गेंड्यांसाठी वेळ कोठे राखून ठेवायचा हे ठरते. गवत उपटण्याचा तो आवाज आम्हाला जी वीस-पंचवीस मिनिटे ऐकायला मिळाला, तेवढाच.

परत आल्यावर मी कार्यालयात गेलो तेव्हा तेथील बाईंनी चौथ्या दिवसाचा तक्ता माझ्यासमोर काढला, दुकानाच्या थांब्याभोवती पेन्सिलने गोल केला आणि पुढच्या हंगामापासून अभयारण्याच्या आतच एक मुक्काम देता येतो का ते पाहू, असे सांगितले. ह्लुह्लुवेच्या डोंगरावरील हिलटॉप आणि इम्फोलोझीतील म्पिला या दोन्ही ठिकाणी राहण्याची सोय आहे. नोंदणी करण्यापूर्वी हा मुक्काम पत्रिकेत लेखी आहे का, हे जरूर पाहून घ्यावे, आणि नसेल तर मागून घ्यावा. ऑगस्टमध्ये तेथे हिवाळा असतो, त्यामुळे पहाटेच्या उघड्या गाडीसाठी कानटोपी आणि जाड शाल बरोबर असू द्यावी.