१९८६ ची कास्ट आयर्न बुलेट ३५०: चौदा महिने, ९,२०० किलोमीटर

गेल्या वर्षी पाडव्याला ही गाडी, म्हणजे ओतीव लोखंडाच्या (कास्ट आयर्न) जुन्या इंजिनाची बुलेट, दारात आली. आता दुसरा मृग तोंडावर आलाय, म्हणजे चौदा महिने झाले. रोजचं कराड शहरातलं आणि शेताकडचं फिरणं, शिवाय महिन्यातून एकदा तरी घाट. एवढ्या वापरानंतर लिहायला हरकत नाही असं वाटलं, कारण जुन्या बुलेटबद्दल आपल्याकडे बोलणारे पुष्कळ आणि रोज चालवणारे थोडे.

गाडी सातारा तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांच्या घरातून घेतली. आपल्या जिल्ह्यात घरटी एक फौजी असलेली गावं आहेत, आणि तिथे बुलेटचं स्थान बैलजोडीच्या जवळपासचं असतं. सुभेदारसाहेब वारल्यावर गाडी सहा वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. टाकीत गंज, टायर तडकलेले, पण इंजिन जाम नव्हतं. कागद साफ होते, हे सगळ्यात महत्त्वाचं.

आधी किकबद्दल, कारण घेणाऱ्याला पहिली धास्ती तिचीच असते. ही गाडी ताकदीने चालू होत नाही. चावी फिरवली की हेडलाइटच्या डोक्यावरच्या अँपिअर मीटरचा काटा डावीकडे झुकतो. मग किक हळूहळू दाबत न्यायची. पिस्टन दाबाच्या टोकाशी आला की किक पायाखाली घट्ट लागते आणि पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा विजेचा खटका, उघडल्यामुळे काटा मध्यावर येतो. तिथे थांबायचं. डाव्या हाताची डिकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, दांडी ओढून किक किंचित पुढे सरकवायची, दांडी सोडायची, किक पुन्हा वर घ्यायची आणि एकच सलग किक पूर्ण खालपर्यंत मारायची. घाई केली तर उलटा फटका बसतो आणि तो घोट्याला चांगलाच लागतो. हे अंगवळणी पडायला मला महिना लागला. आता माझी पंचावन्न किलोची बहीणसुद्धा दुसऱ्या किकला गाडी चालू करते.

या एका काट्याने मला गाडीची रचना समजावली, असं म्हटलं तरी चालेल. आत पिस्टन कुठे आहे ते बाहेर मीटरवर दिसतं. आणि गाडी मद्रासला बनलेली असली तरी ही रचना तिथली नाही, इंग्लंडातल्या रेडिचची.

रेडिच हे मूळचं सुया बनवणारं गाव. तिथल्या एका सुयांच्या कारखान्याचा धंदा सायकलींकडे वळला होता. तो बसल्यावर १८९१ मध्ये आल्बर्ट ईडी आणि आर. डब्ल्यू. स्मिथ यांनी हातात घेतला. पुढे मिडलसेक्समधल्या एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवायचं काम मिळालं, त्यावरून रॉयल एनफिल्ड हे नाव आलं आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' हे ब्रीदही. पहिली मोटारसायकल १९०१ ची. आपण जिला बुलेट म्हणून ओळखतो तिचा जन्म मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९४८ मध्ये इटलीतल्या सान रेमोला आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची शर्यत झाली. तिथे जिंकलेल्या ब्रिटिश संघात बुलेटवरचे दोन स्वार होते आणि दोघांनीही सुवर्णपदक मिळवलं. त्या काळी बहुतेक गाड्यांचं मागचं चाक थेट चासीला घट्ट बांधलेलं असे. बुलेटला मागे स्विंग आर्म, म्हणजे चाक धरून वरखाली हलणारा दांडा, आणि तेलाचे शॉकअप होते. खडकाळ वाटेवर मागचं चाक जमीन सोडत नाही, हे तिथे दिसलं. पाटण सोडून आतल्या वाडीच्या रस्त्याला लागलो की मला ते आजही दिसतं.

युद्धानंतर इंग्लंड कर्जात बुडालेलं होतं आणि परदेशी चलन आणणाऱ्या मालाला तिथल्या सरकारचं प्राधान्य होतं. त्यामुळे तिथल्या मोटारसायकली जगभर गेल्या, पण प्रत्येक देशाने त्यांच्यात वेगळं काही शोधलं. अमेरिकेला वेग हवा होता. युटामधल्या बॉनविलच्या मिठाच्या मैदानावर १९५६ मध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवलेल्या लांबट यंत्राने ताशी २१४ मैल गाठले आणि १९५९ च्या नव्या ट्रायम्फचं नाव बॉनविल पडलं. रेडिचच्या गाड्याही तिकडे गेल्या, आणि ही गोष्ट मला फार आवडते: पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत त्या 'इंडियन' या तिथल्या जुन्या ब्रँडच्या नावाखाली विकल्या जात होत्या. नेमक्या त्याच वर्षांत इकडे रेडिचची गाडी खरोखरच भारतीय होत होती.

आपल्याकडे मागणी वेगाची नव्हती. १९५२ मध्ये भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या ५०० बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडिया काढली. आधी सुटे भाग जहाजाने यायचे आणि इथे जोडले जायचे. १९५६ मध्ये तिरुवोट्टियूरचा कारखाना सुरू झाला आणि त्या वर्षअखेरपर्यंत १६३ गाड्या झाल्या. १९५७ मध्ये भाग घडवायची यंत्रसामग्री विकत आली. नंतर रेडिचने आपली बुलेट बदलली. मद्रासने १९५५ ची घडणच चालू ठेवली. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला, १९७० मध्ये इंग्लंडातलं उत्पादनच थांबलं, आणि १९७७ मध्ये मद्रासच्या बुलेट उलट इंग्लंडला निर्यात व्हायला लागल्या. माझा आतेभाऊ बर्मिंगहॅमला असतो. मागच्या उन्हाळ्यात तो माझ्यासाठी मुद्दाम रेडिचला जाऊन आला. जुन्या कारखान्याच्या जागी आता औद्योगिक वसाहत आहे आणि तिला एनफिल्डचं नाव आहे. गावात सुयांचं संग्रहालयही आहे. त्याने पाठवलेला वसाहतीच्या पाटीचा फोटो मी आमच्या मिस्त्रींना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "म्हणजे माझे पाने इथले."

पान्यांचं सांगायलाच हवं. या गाडीचे बरेच बोल्ट इंची आहेत, काही मिलिमीटरचे. आणि जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या पान्यावर १/४ लिहिलेलं असलं तरी त्याचं तोंड पाव इंचाचं नसतं. तो आकडा बोल्टच्या दांड्याचा, डोक्याचा नाही. हे माहीत नसलेला माणूस जवळचा मिलिमीटर पाना लावतो, तो घसरतो आणि बोल्टाचं डोकं गोल होतं. माझ्या गाडीची तीन डोकी अशीच गेलेली होती. आमच्या मिस्त्रींकडे वडिलांच्या वेळचा इंची पान्यांचा पूर्ण संच आहे, तेलकट कापडात गुंडाळलेला. तुमच्या मिस्त्रीकडे तो नसेल तर आधी संच घ्या आणि मग गाडी घ्या.

चालवायला कशी आहे? उजव्या पायाला गिअर, डाव्याला मागचा ब्रेक. पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली. पहिले दहा दिवस मी ब्रेक समजून गिअर दाबत होतो, म्हणून गर्दीत नेली नाही. तुम्हीही नेऊ नका. गिअरबॉक्सवर न्यूट्रल शोधायचा वेगळा पितळी रंगाचा खटका आहे, तो टाचेने दाबला की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यातून थेट न्यूट्रल. सिग्नलला यासारखं सुख नाही. ड्रम ब्रेक त्या काळातले आहेत, डिस्कची सवय असेल तर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा.

३४६ सीसी, १८ हॉर्सपॉवर. आकडा आज कुणाला सांगावा असा नाही. पण पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि धाव ९०, शिवाय आत जड फ्लायव्हील. त्यामुळे ताशी ३५ ला चौथ्या गिअरमध्ये गाडी कुरकुर न करता ओढते. कुंभार्लीच्या चढाला मागे आई आणि तांदळाचं अर्धं पोतं असताना मी तिसऱ्यावरून खाली आलो नाही. ताशी ६० ते ६५ ही हिची आवडती चाल. ८० च्या पुढे हँडल, पेडल, टाकी सगळं थरथरतं आणि तासाभरात बोटं बधिर होतात. महामार्गावर रोज पुण्याला ये-जा करायची असेल तर ही गाडी घेऊ नका, दुसरी कोणतीही घ्या. आवाजासाठी सायलेन्सर बदलू नका, हेही कळकळीने सांगतो. जुन्या सायलेन्सरमधून येणारी डुगडुग मोजता येते, आणि आपल्या लोकांनी मोटारसायकलला फटफटी म्हटलं ते अशाच ठोक्यांवरून. ठोका चुकला की कानाला आधी कळतं.

ते कळण्याचा प्रसंग दिवाळीनंतर आला. चिपळूणहून परतताना घाट चढून वर आलो आणि कोयनानगरच्या अलीकडे ठोके तुटायला लागले. मग सायलेन्सरमधून फटाके आणि गाडी बंद. संध्याकाळचे पाच वाजले होते. दीड किलोमीटर ढकलत नेली, तिथे एका माणसाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड होतं. त्याने पॉइंटचं झाकण उघडून मला किक मारायला सांगितली आणि ठिणगी पाहिली. निळी, बारीक हवी होती. पिवळी, जाड उडत होती. कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवर उडणारी ठिणगी आवरणारा भाग, गेला होता. दोन महिन्यांपूर्वी एका दुकानातून मी तो खरा म्हणून घेतला होता, निघाला नकली. शेडवाल्याने दुसऱ्याच एका जुन्या गाडीचा कंडेन्सर बाहेरून वायरने जोडला, पॉइंट पॉलिश कागदाने घासले, फटीत पत्ती सरकवून अंतर बघितलं. चाळीस मिनिटं आणि दीडशे रुपये. त्याने आयुष्यात बुलेट कमीच उघडल्या असतील, पण उघडल्यावर समोर जे दिसत होतं ते त्याला वाचता येत होतं. सत्तर वर्षांत रेडिच ते मद्रास ते कोयनानगर ही गाडी टिकली ती अशाच हातांवर, असं मला त्या शेडमध्ये उभं असताना वाटलं आणि अजूनही वाटतं.

देखभाल थोडक्यात. तेल तीन ठिकाणी वेगवेगळं: इंजिन, क्लचकडची चेन आणि गिअरबॉक्स. इंजिनाचं मी दर दोन हजार किलोमीटरला बदलतो. टॅपेट गाडी थंड असताना बघायचे: पुश रॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी सळई, दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. हे मी आता स्वतः करतो, रविवारी सकाळी, अर्ध्या तासात. सरासरी लिटरला ३२ किलोमीटर मिळतात. सुरुवातीला एका गॅरेजने चुकीचं पॅकिंग बसवल्याने तेल गळत होतं. ते बदलल्यावर चेनच्या झाकणाखाली रात्रभरात एखादा थेंब दिसतो, तेवढाच. सुरुवातीची सगळी दुरुस्ती धरून ३८ हजार खर्च झाला, त्यानंतर वर्षभरात नऊ.

घ्यायला जाणार असाल तर मालकाला सांगून ठेवा की गाडी आधी चालू करून ठेवू नका. थंड इंजिनाला स्वतः किक मारा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी पडताळा, पंधरा वर्षांनंतरची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, ती कुठवर आहे ते बघा. जास्त रंगरंगोटी केलेल्या गाडीपेक्षा धुळीत उभी असलेली बरी.

या आठवड्यात मी केबलींना तेल घालतोय आणि पॉइंटच्या झाकणाचं पॅकिंग बदलतोय, कारण मागच्या पावसाळ्यात दोनदा तिथे पाणी गेलं होतं. मिस्त्री म्हणालेत, मृगाच्या आधी कॉइलची वायरही बदलून टाकू.